काटक

लॅपटॉपच्या पाठीला अकरा स्क्रू होते आणि त्यांतले चार फिरायला तयार नव्हते. स्क्रू ड्रायव्हर लावला की खाच भुरभुरून सुटायची. तो लॅपटॉप कधी पडला नव्हता, भिजला नव्हता, त्यावर कुणी चहासुद्धा सांडला नव्हता. मालवण बंदरावर उतरणाऱ्या मासळीची रोजची नोंद ठेवणारा माझा मित्र तो तीन वर्षं जपून वापरत होता. होडीत कधी नेला नाही, घरी आला की रुमालाने पुसून कपाटात ठेवायचा. अखेर पाठ निघाली तेव्हा आत तांब्याच्या बारीक रेघांवर हिरवट निळी भुकटी फुललेली दिसली. न घासता ठेवलेल्या पळी-पंचपात्रीवर कळंक चढतो, तशी.

हे वाऱ्याने केलं होतं. लाट फुटताना उडणारे तुषार हवेतच सुकतात, त्यांचे मिठाचे कण होतात आणि ते वाऱ्यावर गावात येतात. साधं मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून त्यात विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर तेहतीस टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागतं. कोकणातल्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला आषाढात पाणी सुटतं ते याच कारणाने. जुलैत मालवणची आर्द्रता पंच्याऐंशीच्या वरच राहते, म्हणजे सर्किट बोर्डावर बसलेला कण पावसाळाभर सुकतच नाही, त्याचा एक खारा थेंब होऊन राहतो. त्या थेंबाच्या दोन बाजूंना वीज वाहणाऱ्या दोन रेघा असल्या की एकीवरचा धातू सुटतो, दुसरीकडे जातो आणि तिथे नेच्याच्या पानासारखा फांद्या फोडत वाढतो. भिंगाखाली ते फार देखणं दिसतं. ज्या दिवशी त्या नेच्याचं टोक पलीकडच्या रेघेला टेकतं, त्या दिवशी यंत्र जातं. शांतपणे, टेबलावर बसल्या बसल्या.

मित्र म्हणाला, "तू यंत्रं बनवतोस ना, मग इथे टिकेल असा एक बनवून दे." त्या एका वाक्यामागे माझी पुढची दोन वर्षं गेली.

बाजारात मिळत नाहीत असं नाही. 'रग्ड' म्हणून विकले जाणारे लॅपटॉप आहेत, त्याच्या पगाराला न झेपणारे, पण आहेत. त्यांचं घराणं मी आधी वाचून काढलं, कारण कुठल्याही वस्तूला तिच्या जन्माच्या वेळची भीती चिकटलेली असते असं मला वाटतं. अमेरिकी लष्कराचं मिल-स्टँडर्ड-८१० हे मानक १९६२ सालचं. त्यातली सगळ्यांना ठाऊक असलेली परीक्षा पडण्याची: चार फुटांवरून सव्वीस वेळा. सव्वीसच का, तर खोक्याला सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे. त्यातलं प्रत्येक एकदा जमिनीवर आलं पाहिजे. १९८२ साली 'ग्रिड कंपास' आला. बिल मॉग्रिजने त्याला मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं अंग दिलं आणि वहीसारखं मिटणारं झाकण दिलं. आज आपण लॅपटॉप म्हणून जे ओळखतो ते रूप तिथलं. तो अंतराळयानातून गेला, सैन्यानेही घेतला. १९९६ साली पॅनासॉनिकचा टफबुक आला. या सगळ्यांच्या मनात धक्का आहे, आदळणं आहे, वाळवंटातली धूळ आहे. मिठाची परीक्षा त्या मानकात आहे, नाही असं नाही. पस्तीस अंश उष्णतेत पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं चोवीस तास, मग चोवीस तास सुकवणं, आणि हेच पुन्हा एकदा. एकूण चार दिवस. आमच्याकडे हे धुकं जूनमध्ये सुरू होतं, आणि मधल्या सुकवण्याला ऑक्टोबरची वाट पाहावी लागते.

'रग्ड' या शब्दाला मराठीत काय म्हणावं याचा विचार मी बरेच दिवस करत होतो, आणि तो नुसता भाषांतराचा प्रश्न नव्हता. दणकट म्हटलं की जाड फळ्यांचा पलंग आठवतो. भक्कम भिंत असते. मजबूत ही तर जाहिरातीतली सिमेंटची गोणी. टिकाऊ म्हणजे फक्त पुष्कळ दिवस राहणारं, ते कसं राहतं याबद्दल तो शब्द काही सांगत नाही. मग एकदा रापण ओढणाऱ्यांकडे पाहत असताना 'काटक' हा शब्द आला. साठी उलटलेली, अंगावर मांस नसलेली माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी राहून दोर ओढत होती. दणकट त्यांच्यात एकही नव्हता. काटकपणाला जाडी लागत नाही. त्यात सोसणं आहे, थोडक्यात भागवणं आहे, आणि आणखी एक गोष्ट आहे जी माझ्या लक्षात फार उशिरा आली: काटक माणूस आपल्या शरीराची निगा राखत असतो. उन्हातून आल्यावर कधी बसायचं, कधी तेल लावायचं, कुठल्या जुन्या दुखण्याला किती जपायचं हे त्याला ठाऊक असतं.

पहिला नमुना मी लाकडाचा केला. पाम पायलट हा खिशात मावणारा संगणक बनवण्याआधी जेफ हॉकिन्स लाकडाचा एक ठोकळा खिशात घालून हिंडत असे आणि सभेत तो काढून त्यावर काडीने लिहिल्यासारखं करत असे, ही गोष्ट यंत्रांचं रूप घडवणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली असते. मला ती नेहमी खेळासारखी वाटायची. स्वतः केलं तेव्हा कळलं की वस्तू जन्माला येण्याआधी तिच्याबरोबर राहून पाहण्याची दुसरी रीतच नाही. फणसाच्या फळीचे दोन तुकडे, मधे पितळी बिजागऱ्या, आतल्या पोकळीत वाळू भरून वजन अडीच किलो. कळांच्या जागी कागद चिकटवला. मित्राने तो पंधरा दिवस वागवला. त्या पंधरा दिवसांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही मानकात लिहिलेलं नाही. बंदरावर त्याला बसायला जागा नसते, म्हणून तो यंत्र डाव्या हातावर पोरासारखं घेतो आणि उजव्या हाताने लिहितो. लिलाव सुरू झाला की टोपलीतल्या बांगड्यांची संख्या डोळ्यांनी मोजत तो कळांकडे बघतच नाही, म्हणजे कळा बोटांना कळल्या पाहिजेत, काच चालणार नाही. शिवाय खारं पाणी विजेचं वाहक असल्यामुळे ओल्या बोटाने स्पर्शपडदा भलतंच समजतो. सकाळी सूर्य पाठीमागे असतो आणि पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो. आणि पाऊस आला की तो सगळ्यात आधी यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालतो. ते जलरोधक असलं तरी घालणार, कारण त्याच्या हाताला ती सवय आहे. मग ती पिशवी चढवल्यावरही चालेल असं यंत्र करायला हवं.

त्याच दिवसांत एका वयोवृद्ध रापणकरांनी तो ठोकळा हातात घेतला, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. हे नुसतं सोंग आहे, खरं यंत्र पुढे होईल, असं मी सांगितलं. त्यांनी फक्त एक विचारलं, "रे झिला, ह्यां उघडतत खयसून?"

मी म्हटलं, काका, ते उघडायचंच नाही. पाणी शिरू नये म्हणून पक्कं बंद करणार आहे. ते काही बोलले नाहीत. ठोकळा परत दिला.

दुसरा नमुना खरोखर पक्का बंद केला. थ्री-डी प्रिंटरवर छापलेलं कवच, आत हाताच्या पंजात मावणारा संगणक, सांध्यात सिलिकॉनची गॅस्केट. पहिलं कवच मे महिन्यात गाडीच्या काचेमागे ठेवलं आणि चार तासांत वाकलं. छपाईचं ते प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, हे माहीत असूनही मी ते विसरलो होतो. दुसरं कवच वेगळ्या प्लास्टिकचं केलं. नळाखाली धरलं, बादलीत बुडवलं, आत कोरडं ठणठणीत. मग होडीत नेलं. दुपारभर उन्हात फळीवर राहिलं, संध्याकाळी एक लाट अंगावर आली, आणि घरी येऊन बघतो तर आत पाव वाटी समुद्र.

कारण शोधायला कागद-पेन्सिल पुरली. पेटीतली हवा उन्हात साठ अंशांवर जाते, तेव्हा थोडी हवा कुठल्या ना कुठल्या फटीतून बाहेर पडतेच. मग अठ्ठावीस अंशांचं समुद्राचं पाणी तिच्यावर आदळतं आणि आतली हवा एकदम आकसते. दाब जवळजवळ एक दशांशाने उतरतो. एक दशांश म्हणजे किती, तर सुमारे एक मीटर खोल पाण्याचा दाब. ज्या पेटीला फक्त शिंतोडे सोसायचे होते, ती त्या क्षणी एक मीटर बुडाल्यासारखी पाणी आत ओढत होती. जितकी बंद पेटी, तितका तिचा हा श्वास जोराचा.

मला आजीच्या लोणच्याच्या बरण्या आठवल्या. चिनी मातीची बरणी ती पहिले काही दिवस झाकणाने बंद करायची नाही, पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधायची. आतलं बाहेर जाऊ दे, बाहेरची चिलटं आत नकोत. पेटीलाही दादरा असतो, हे मला नंतर समजलं. ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनचा रुपयाहून लहान पडदा. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत येत नाही, हवा आणि वाफ मात्र ये-जा करतात. तो बसवला आणि पाणी शिरणं थांबलं. पण वाफ येत राहिली. आत ठेवलेली सिलिका जेलची निळी पुडी पावसाळ्यात काही दिवसांतच गुलाबी व्हायची, म्हणजे तिची पाणी धरायची ताकद संपायची. तिला पुन्हा निळी करायची तर बाहेर काढून तव्यावर मंद तापवली पाहिजे. आणि बाहेर काढायची तर पेटी उघडली पाहिजे.

खयसून?

मालवणात टिकण्याची गोष्ट निघाली की माणसाचं बोट आपोआप किल्ल्याकडे जातं. समोर कुरटे बेटावर १६६४ साली ज्याचा पाया घातला तो सिंधुदुर्ग साडेतीन शतकं लाटा खात उभा आहे. पायाच्या दगडांत शिसं ओतलं होतं ही कथा इथलं प्रत्येक पोर सांगतं. मीही लहानपणापासून त्या तटाकडे दणकटपणाचा नमुना म्हणूनच पाहत आलो. हल्ली मला तिथे दुसरंच दिसतं. खाऱ्या पाण्याच्या मधोमध त्या बेटावर गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तटाने समुद्र अडवला, पण आत माणूस राहू शकेल हे त्या विहिरींनी ठरवलं. आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांबद्दल जे लिहिलं आहे त्यात बांधकामाइतकाच भर राखण्यावर आहे: पाण्याची टाकी कशी सांभाळावी, झाडी कुठे राखावी, केरकचरा कुठेही पडू न देता जाळून त्याची राख परसात भाजीला कशी घालावी. राज्याचे अमात्य राखेपर्यंत विचार करतात. किल्ला बांधून झाला म्हणजे काम संपलं असं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

होड्यांचंही तेच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढल्या जातात, माडाच्या झापांखाली किंवा आता निळ्या प्लास्टिकखाली झाकल्या जातात. लाकडी होडीला तेल पाजणं, सांधे बघणं, जिथे कुजलं तिथली फळी बदलणं, हे सगळं त्याच सुमाराचं. उंडीच्या बियांचं तेल यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. होडी मुळातच अशी बांधलेली असते की तिची एक फळी काढता यावी. ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताची वडी बसवतात, तीही मी जवळून पाहिली. जस्त, पोलाद, कासं एकाच खाऱ्या पाण्यात असले की त्यांतलं जस्त आधी झिजतं आणि बाकीच्यांना वाचवतं. दर हंगामाला नवी वडी. मी ज्या मॅग्नेशियमच्या कवचाचं एवढं कौतुक वाचलं होतं, तो धातू या क्रमात जस्ताच्याही आधी झिजणारा आहे. हलका आहे, चिवट आहे, पण खाऱ्या पाण्यात त्याच्यावरचा रंग एका जागी जरी खरवडला आणि शेजारी पोलादी स्क्रू असला, तर तो यंत्राचं अंगच जस्ताच्या जागी उभं करतो. हवेतल्या पेटीला जस्ताची वडी लावून भागत नाही, त्यासाठी सगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले लागतात. विचार मात्र उचलता आला. काहीतरी झिजणारच असेल तर काय झिजावं ते आपण ठरवायचं. मी तारा जोडायच्या सगळ्या खाचा मुख्य बोर्डावरून काढल्या आणि एका वेगळ्या, स्वस्त, बोटभर पट्टीवर बसवल्या. मीठ पहिल्यांदा तिथेच येतं. ती पट्टी दरवर्षी बदलावी.

हे सगळं करत असताना मला रायगड जिल्ह्यातली एक गोष्ट आठवत होती. २००७ साली कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत मुलांच्या हातात हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप दिले गेले. निकोलस नेग्रोपॉन्टे यांच्या 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या प्रकल्पाचा तो भारतातला पहिला प्रयोग. शंभर डॉलरचं ते यंत्र शंभर डॉलरला कधीच पडलं नाही. हाताने फिरवायचा दांडा जाहीर झाला आणि गाळला गेला. आपल्या सरकारने तर २००६ सालीच त्या कल्पनेला नकार दिला होता. जगभर त्याच्या अपयशावर खूप लिहिलं गेलं. तरी वस्तू म्हणून ते यंत्र मी फार मोठं मानतो. पंखा नाही, फिरणारी हार्ड डिस्क नाही, कळांवर अखंड रबर, मेरी लू जेप्सन यांनी घडवलेला पडदा भर उन्हात वाचता येईल असा. सशाच्या कानांसारख्या दोन अँटेना मिटल्या की बाजूच्या खाचा झाकल्या जायच्या. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट: त्याच्या उचलायच्या मुठीच्या आत जादा स्क्रू ठेवलेले होते. घडवणाऱ्याने गृहीत धरलं होतं की हे यंत्र कुणीतरी उघडणार आहे, आणि उघडताना एखादा स्क्रू हरवणार आहे. दहा वर्षांच्या पोराच्या हातून स्क्रू हरवतो हे ज्याने आधीच मान्य केलं, त्याने त्या पोराकडे नीट पाहिलं होतं.

तसंच नीट पाहिलेलं आणखी एक यंत्र आपल्याकडे घडलं, पवईला. मतदान यंत्राला रूप देण्यात आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातल्या ए. जी. राव आणि रवि पूवैया यांचा हात होता. जिथे वीज नाही, जिथे यंत्र होडीतून किंवा डोक्यावरून जाणार, जिथे मतदाराने आयुष्यात कधी बटण दाबलेलं नसेल, तिथे एका बॅटरीवर चालणारं. लॅपटॉप नव्हे, पण प्रत्यक्ष कामाच्या जागी जाणारं यंत्र म्हणजे काय याचा धडा मला त्याहून चांगला कुठे मिळाला नाही.

वीज हा इथला पुढचा प्रश्न. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ या किनाऱ्यालगतून गेलं आणि मालवणात कित्येक दिवस अंधार होता. नेमक्या त्याच दिवसांत पडझडीचे पंचनामे करायला तलाठी, ग्रामसेवक दारोदार फिरत होते, आणि नोंद करायची यंत्रं चार्ज कुठे करायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बंदरावर बारा व्होल्टच्या बॅटऱ्या मात्र होत्या, प्रत्येक यांत्रिक होडीत एक. तिसऱ्या नमुन्यात मी तीच गोष्ट आधी केली: होडीच्या, रिक्षाच्या, ट्रॅक्टरच्या कुठल्याही बॅटरीला दोन चिमटे लावून हे चालावं. उलटे लावले तरी जळू नये.

तिसरा नमुना ॲल्युमिनियमचा, कुडाळच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात वाकवून घेतला. पंखा नाही, आतली उष्णता पाठीच्या पत्र्यातूनच बाहेर जाते, म्हणून त्याला पांढुरका रंग. बोर्डावर लाखेसारखा पारदर्शक लेप, हाताने, बारीक ब्रशने. इथे मला बराच वेळ अडखळायला झालं. लेप जितका जाड तितकं मीठ लांब, पण पुढे एखादा भाग बदलायचा झाला तर तो लेपच आड येतो. मी पातळ लेप निवडला आणि दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल हे मान्य केलं. आणि पाठीला अकराऐवजी चार स्क्रू, मोठ्या डोक्याचे, रुंद खाचेचे, एक रुपयाच्या नाण्याने फिरतील असे. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकू नयेत म्हणून मधे नायलॉनची चकती. झाकणाच्या आत जादा चकत्या आणि दोन जादा स्क्रू. ही कल्पना त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्राची, मी फक्त उचलली.

एक जूनला तो त्या रापणकर काकांच्या मांगरात ठेवला, उपड्या होड्यांच्या शेजारी, जुन्या बॅटरीला जोडून, चालू. आतली आर्द्रता तो स्वतःच दर तासाला लिहून ठेवत होता. जुलैच्या सुरुवातीला काकांनी त्यांच्याच मनाने एकदा उघडला, मला फोनवर सांगितलं की पुडी गुलाबी झाली होती, चुलीशेजारी ठेवून निळी केली आणि परत घातली. मी त्यांना पुडीबद्दल एकदाच, तेही जाता जाता बोललो होतो.

नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी मी गेलो. खिशातला रुपया काढायच्या आत काकांनी त्यांचा काढला. चारही स्क्रू फिरले. गॅस्केटच्या खाचेत मिठाची बारीक पांढरी ओळ बसली होती, ती त्यांनी ओल्या फडक्याने पुसली आणि मग कोरड्याने. बोर्ड स्वच्छ होता, फक्त एका कोपऱ्यात मोहरीएवढा हिरवा ठिपका. तिथे माझा ब्रश घाईत फिरायचा राहिला असणार. खाचांची पट्टी अपेक्षेप्रमाणे काळवंडली होती. ती काढून नवी लावली, साडेतीन मिनिटं लागली.

बंद करताना झाकण जड लागलं. काकांनी कोनाड्यातून बाटली घेतली, काडीने उंडीच्या तेलाचा एकेक थेंब दोन्ही बिजागऱ्यांवर सोडला, आणि झाकण हळूहळू उघडत, मिटत, कान जवळ नेऊन ऐकत बसले.